तूर निघेपर्यंत

बोरझरी, ता. आर्णी
२९ नोव्हेंबर २०२४

यवतमाळचे वामनभाऊ मुधोळकर यांना बोरझरीच्या इंदूबाई मारोती खोब्रागडेचा जय भीम.

तुम्ही मले ओळखत नाही, मीही तुमाले ओळखत नाही. पण तुमचं पाखरू मागच्या आठवड्यापासून माह्या तुरीत मुक्कामाले आहे. म्हटलं मालकाले कळवून द्यावं.

सकाळी वावरात गेली तं तुरीवर ही एवढी पांढरी घार पसरलेली. हात लावायच्या आधी काठीनं ढोसली. उडाली नाही. उचलली तं पापडासारखी हलकी. वरून कागद, मधात थर्माकोल, पोटात वायरी, शेपटी हलवाले तार. गावातले सगळे शहाणे जमा झाले. एक म्हणे, सरकारी आहे, पीक पाहाले सोडलं. दुसरा म्हणे, दुश्मनाचं आहे. मी म्हटलं, दुश्मनाले माह्या दीड एकर तुरीत काय पाहायचं आहे बाप्पा, शेंगात दाणा भरला का नाही ते? शेवटी नेमसिंग पोस्टमन आला, त्यानं पंखाखालचं वाचलं. "सापडल्यास परत करावे," अन् तुमचं नाव, पत्ता. फोनचे आकडे दवानं धुऊन गेलते.

मले लिहिता-वाचता येत नाही. आमच्या घरी दीर शिकले, लेक शिकला, सून तं मास्तरीण आहे. मी शेळ्या राखत राह्यली, अन् शेळ्याही काही शिकल्या नाही. म्हणून हे पत्र नेमसिंग लिहून राह्यला. मी बोलतो तसंच लिहायचं अशी त्याले ताकीद आहे. तरी मधात मधात शुद्ध करून टाकते. वाचून दाखवलं का मले बरोबर समजते.

आता कामाचं. पाखरू मी परत देईन, पण आत्ता नाही. शेंगा भरून राह्यल्या अन् राघूंचे थवे पडून राह्यले. तुमचं पाखरू मी उंच बांबूले दोरीनं टांगलं. वाऱ्यानं असं डुलते, असं फिरते, का राघू लिंबावरूनच पाहते अन् माघारी जाते. तवा तूर निघाली का घेऊन जा. घरातलं लेकरू रडत असंल तं त्याले समजवा, म्हणा तुहं पाखरू नोकरीले लागलं आहे.

इंदूबाई


यवतमाळ
६ डिसेंबर २०२४

आदरणीय इंदूआजींना शाल्मलीचा नमस्कार.

वामन मुधोळकर माझे बाबा. पाखरू त्यांनीच केलेलं. रडणारं लेकरू एकाहत्तर वर्षांचं आहे.

बाबा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा नाद धरला. जेवायच्या टेबलावर फोमबोर्ड कापायचा, कोपरे चिकटवायचे, आणि रविवारी आम्ही दोघांनी टेकडी गाठायची. या ग्लायडरला इंजिन नसतं. वारा टेकडीला येऊन धडकतो आणि वर चढतो, त्या चढत्या वाऱ्यावर ते तरंगतं. आपण फक्त हातातल्या रिमोटने त्याला वळवायचं.

ऑगस्टमध्ये बाबांची उजवी बाजू गेली. बोलणंही एखाद-दोन शब्दांवर आलं. मला वाटलं, ग्लायडर उडताना फोनवर टिपून आणावं, त्यांना दाखवावं. म्हणून एकटीच तुमच्या टेकडीवर आले. वारा अचानक वाढला, ग्लायडर मागच्या बाजूला ओढलं गेलं आणि दिसेनासं झालं. अंधार पडेपर्यंत शोधलं. घरी येऊन बाबांना सांगितलं, पंख दुरुस्तीला ठेवलाय.

तुमचं पत्र त्यांच्या नावाचं, म्हणून पोस्टमनने ते त्यांच्याच मांडीवर ठेवलं. त्यांनी डाव्या हाताने माझ्यापुढे धरलं. वाच. माझी चोरी जागच्या जागी पकडली गेली. पण आजी, तुमच्या दुश्मनापाशी आल्यावर बाबा हसले. तोंड एका बाजूलाच हलतं, पण हसले. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

मी म्हटलं, उद्याच जाऊन घेऊन येते. तर मान हलवून म्हणाले, "तूर... निघू दे."

त्यांचे प्रश्न आहेत. एक, नाक वाऱ्याकडे आहे का? दुसरा, राघू खरंच घाबरतात का? दुसरा त्यांनी दोनदा विचारला.

सोबत माझा फोन नंबर देते आहे.

शाल्मली


बोरझरी
१४ डिसेंबर २०२४

वामनभाऊ अन् शाल्मली, दोघांले जय भीम.

फोन नको. आमच्या गावाले टेकडी आडवी येते अन् माह्या कानाले वय आडवं येते. फोनवर मले नुसता भुर्र आवाज येते. पत्र बरं. नेमसिंग वाचते, नाही समजलं तं पुन्हा वाचाले लावता येते. तो कुरकुर करते, पण चहा पेते अन् वाचते.

भाऊ, तुमचा पहिला सवाल. नाक वाऱ्याकडेच आहे. मी नाही वळवलं, ते आपल्या मनानंच वळते. वारा पालटला का तेही पालटते. दुसरा सवाल. राघू भेते म्हणजे काय, चळाचळा कापते. रोज लिंबावर पंचायत भरते त्याइची. पाखराकडे पाहून शिव्या देते अन् दुसऱ्याच्या वावरात जाते. दुसरा काय म्हणते ते मी विचारत नाही.

पण काय हो, जेवायच्या टेबलावर थर्माकोल कापता? माह्या घरी कापला असता तं मी भाकरीसंगं ताटात वाढला असता.

आधी मचाणावर माहा म्हातारा बसे, मारोती. तीन वर्षं झाली त्याले जाऊन. राघू हाकलाले म्हणून जाये अन् झोपून राहे. राघूही त्याले ओळखत, हळू आवाजात खात. तुमचं पाखरू झोपत नाही एवढाच फरक. मचाण मोडलं नाही मी. त्याच्याच बाजूले बांबू रोवला.

पोरी, तूर निघाली का भाऊले गाडीत घालून आण. माह्या अंगणात बाज आहे, सावली आहे. बाजेवर बसून त्याइनं पाहावं अन् तू टेकडीवरून उडवावं. मलेही पाहू दे, हे लटकून राहते तेवढंच येते त्याले का खरंच उडते.

इंदूबाई


यवतमाळ
२२ डिसेंबर २०२४

प्रिय आजी,

तुमचं पत्र बाबांनी शेजारच्या काकांना वाचायला लावलं, कामाच्या मावशींना वाचायला लावलं, व्यायाम करवायला येणाऱ्या मुलालाही. त्या मुलाला म्हणाले, "बसव." आधी व्यायामाचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करायचे. आता गाडीत आर्णीपर्यंत बसता आलं पाहिजे म्हणून रोज पलंगाच्या कडेला बसतात. कलंडतात, मी सावरते, पुन्हा बसतात. डॉक्टर माझ्याशी बाहेर जाऊन वेगळं बोलतात. बाबा आतून विचारतात, "तूर?"

सोबतचं चित्र त्यांनी डाव्या हाताने काढलंय. ज्या माणसाची रेघ पाहून धरणाची भिंत उभी राहायची त्याचं हे चित्र आहे, म्हणून हसू नका. नाकापाशी बाण केलाय. तिथे आत शिशाचा तुकडा असतो. दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरायचं, ग्लायडर बोटांवर आडवं राहिलं पाहिजे. नाक हलकं झालं तर ते उडताना डोकं वर करतं, थांबतं आणि पडतं. पडताना ते शिसं निघालं तर नाही ना, एवढं बघाल का?

आणि राघू नेमकी काय शिवी देतात, हेही विचारलंय.

शाल्मली


बोरझरी
३० डिसेंबर २०२४

वामनभाऊ, शाल्मली, जय भीम.

चित्र मिळालं. चुलीच्या वरच्या भिंतीले लावलं. नेमसिंग म्हणते विमान आहे, मी म्हणतो वांगं आहे. बाण मात्र सरळ आला हो.

बांबूवरून उतरवलं, बोटावर धरलं. एक बोट माहं, एक नेमसिंगचं, माहे दोन्ही हात कापते म्हणून. पाखरानं नाक वर केलं. म्हणजे तुमचं शिसं गेलं, भाऊ. तुरीत हातानं चाचपून पाहिलं, सापडलं नाही. उंदरानं नेलं असंल, त्याच्याही पोराले काही खेळाले पाहिजे. दुसरं वजन तुम्ही आले का तुमच्या हातानं घाला. मी त्याच्यात पडत नाही.

राघूची शिवी बाईमाणसानं लिहून धाडण्यासारखी नाही. नेमसिंग लाजून राह्यला. एवढं सांगतो, शेवटी ते म्हणते, "अन् हा मुधोळकर कोण?"

शेंगा पिवळ्या पडून राह्यल्या. संक्रांत झाली का विळा लावतो. बाजेच्या दोऱ्या आवळून घेतल्या, भाऊ खाली नाही जाणार. बसाचं काम चालू ठेवा.

इंदूबाई


यवतमाळ
१३ जानेवारी २०२५

प्रिय आजी,

तुमचं पत्र मिळालं. बाबांना वाचून दाखवलं. इकडे सगळं ठीक आहे. ऑफिसात वर्षअखेरची कामं साचली होती, त्यामुळे उत्तराला उशीर झाला. तूर कशी आहे? थंडीत तब्येतीला जपा. पत्र मात्र लिहीत राहा.

शाल्मली


बोरझरी
२० जानेवारी २०२५

पोरी शाल्मली, जय भीम.

तूर कापली. पेंढ्या बांधून उभ्या केल्या आहे. आठवड्यात बडवून होईल.

तुहं पत्र नेमसिंगनं वाचलं. मी म्हटलं, मधातलं गाळलं काय रे? नाही म्हणे, एवढंच आहे. पुन्हा वाचाले लावलं. तेवढंच निघालं. मंग मी त्याच्या हातातून घेतलं अन् स्वतःच पाहिलं. मले काय कळते, पण कागद किती भरला अन् किती कोरा एवढं दिसते.

पोरी, मी राघूची शिवी धाडली, अन् भाऊचा जवाब नाही. शिसं पडलं म्हणून सांगितलं, अन् ज्या माणसानं अर्ध्या अंगानं त्याचं चित्र काढलं, तो गप्प? तू म्हणते, वाचून दाखवलं. तू खोटं लिहिणारी पोरगी नाही दिसत. पण वाचून दाखवणं एक अन् ऐकणं एक.

भाऊ आहे काय?

असंल तं त्याच्या तोंडचा एक शब्द लिहून धाड, शिवी असली तरी चालंल. नसंल तं तसं सांग. मारोती गेला तवा मी बरेच दिवस दोन ताटं वाढत होती. सून काढून घे, मी पुन्हा वाढो. तवा मले तुह्यावर राग येणार नाही.

इंदूआजी


यवतमाळ
२८ जानेवारी २०२५

आजी,

बाबा सहा जानेवारीला सकाळी गेले.

तुमचं पत्र त्यानंतर आलं. पोस्टमन सवयीने पलंगापर्यंत गेला, आणि तिथेच उभा राहिला. मग त्याने ते गादीवर ठेवलं. मी वाचून दाखवलं, आजी. ते खोटं नव्हतं. पलंगासमोर खुर्ची घेऊन मोठ्याने वाचलं. वांग्यापाशी थांबले, ते हसायची जागा होती म्हणून.

मग तुम्हाला लिहायला बसले आणि लिहिता येईना. इथे सगळ्यांना माहीत होतं. ज्याला त्याला मीच फोन करून कळवलं होतं. फक्त तुमच्या गावात बाबा अजून होते. तूर निघायची वाट बघत होते, तुम्ही त्यांच्यासाठी बाज आवळली होती. तुम्हाला कळवलं असतं तर तिथूनही गेले असते.

आदल्या संध्याकाळी ते पलंगाच्या कडेला बसले होते. माझा हात न धरता. मला म्हणाले, "तूर?" मी म्हटलं, अजून ओली आहे, बाबा. ते म्हणाले, "असू दे."

तेवढंच.

ग्लायडरची काळजी करू नका. तुमच्याकडेच राहू द्या. मला आता उडवायचं नाही.

शाल्मली


बोरझरी
५ फेब्रुवारी २०२५

पोरी,

नेमसिंग वाचता वाचता थांबला. मी म्हटलं, वाच. तो म्हणे, चष्म्यावर धूळ आली. पुसून वाचलं. मंग आम्ही दोघं जण चहा न करता तसेच बसलो.

तुहा बाप माह्या गावात होता म्हणते ना तू? होता. अजून आहे. चुलीवर त्याचं वांगं आहे. ते काही मी काढत नाही.

पण पाखरू मी ठेवणार नाही. तूर निघाली. बोलणं तसंच झालं होतं. भाऊनं त्याचा शब्द पाळला, आता तू अन् मी पाळायचा. एका पंखाचे लई हाल झाले आहे. कसे झाले ते मी भाऊले सांगीन, तुले नाही. तसाच नवा पंख कापून आण. बापाचं पाहून येत असंलच तुले. जेवायच्या टेबलावरच काप, दुसरीकडे बरोबर नाही यायचा.

शिमग्याच्या जवळ ये. तवा वारा पालटते, गावाकडून टेकडीवर चढते. तू वरून सोडलं का ते माह्या वावरावर येईल. तुले उडवायचं नाही, ठीक आहे. पण मले पाहायचं आहे. मले भाऊनं बाजेवर बसून पाहायचा वायदा केलता, अन् बाज रिकामी आहे.

इंदूआजी


बोरझरी
१० मार्च २०२५

वामनभाऊ, जय भीम.

नेमसिंग म्हणते, पाकिटावर पत्ता काय टाकू? मी म्हटलं, एवढं वय टपाल वाटण्यात गेलं, आता पत्ते मी सांगू काय तुले? कोरं ठेव. त्यानं पाकीट बाजूले ठेवलं. लिहून राह्यला.

काल तुमची पोरगी आली. मागच्या सीटवर नवा पंख, चादरीत गुंडाळलेला, बाळंतिणीच्या लेकरावानी. दोन वाकडे झाले म्हणे, हा तिसरा. मी पाखरू बाहेर आणलं. जुना पंख पाहून ती माह्याकडे पाहतच राह्यली. मी म्हटलं, ते तुह्या बापाचं अन् माहं आहे, तू मधात पडू नको.

तं ऐका. पहिले काही दिवस राघू खरंच भ्याले. मी तुमाले पहिलं पत्र धाडलं, त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. मंग एक धीट निघाला. आला अन् पंखावर बसला. पाखरू डुललं, त्याले मजा वाटली. दुसऱ्या दिवशी सगळा गोतावळा घेऊन आला. आयता झोपाळा भेटला त्याइले. शेंग तोडून आणत, तुमच्या पंखावर बसून खात, अन् चोच घासाले तुमचाच थर्माकोल कोरत. मी खाली काठी घेऊन आरडाओरड करो. या वयात मचाणावर चढली, भाऊ. मारोती झोपे ते काहून, तेही समजलं. वर गार वारा लागते.

पण तिकडून पोरगी लिहे, बाबा हसले. पोरगी लिहे, राघू भेते का ते बाबांनी दोनदा विचारलं. आता तुम्हीच सांगा, मी कसं लिहू का राघू तुमच्या पाखरावर बसून जेवून राह्यले? मी लिहिलं, चळाचळा कापते. नेमसिंगले माहीत होतं. त्यानं मान खाली घालून लिहिलं. तेवढं एकच वाक्य त्यानं कधी शुद्ध केलं नाही.

तं पोरीनं नवा पंख बसवला. गोंद वाळेपर्यंत जेवली. मंग एक बोट तिचं अन् एक माहं, अंगणात पाखरू धरलं. त्यानं नाक वर केलं. शिसं नव्हतं ना. पोरीनं पर्स उलटी केली, गाडीतले खिळे-पेच आणून पाहिले. काही जड होये, काही बसे ना. मी घरात गेली अन् सुपात तूर आणली. म्हटलं, हे घाल.

ती चिमूट चिमूट टाकत गेली. टाकलं का बोटावर धरून पाहे. नाक जरा खाली ये. अजून चिमूटभर. भाऊ, एका वक्ताले ते असं आडवं राह्यलं का माह्या बोटाले भारच लागे ना. पोरगी म्हणे, हलू नका आजी. मी म्हटलं, मी नाही हलत, हात हलते. पण हातही हलला नाही. तिनं नाकाचं तोंड चिकटपट्टीनं बंद केलं. तुमच्या राखणीतली तूर आहे ती. राघूनं खाऊन उरलेली.

नेमसिंगनं तिले फटफटीवर टेकडीच्या वाटेनं नेलं. मागं बसली होती, पाखरू काखेत. मी बाज वावरात आणवली, मचाणापाशी. वावरात आता नुसते तुरीचे खुंट आहे. बसली. बाजूले जागा ठेवली. ते सांगत नाही मी, तुमाले दिसलं असंल.

वरून तिनं फेकलं. आधी ते खालीच आलं. म्हटलं, गेलं. मंग वाऱ्यानं त्याले खालून हात दिला. चढलं, भाऊ. आवाज नाही, काही नाही. मी कानाची बहिरी म्हणून नाही, नेमसिंगही म्हणे आवाज नव्हता. टेकडीच्या कडेकडेनं गेलं, वळलं, माघारी आलं. मंग सरळ माह्या डोक्यावर. त्याची सावली खुंटांवरून धावत आली, बाजेवरून गेली, माह्या लुगड्यावरून गेली. लई मोठी सावली होती. बांबूवर टांगलं तवा एवढं मोठं नाही वाटलं.

पोरीनं उन्हं उतरेपर्यंत उडवलं. हळूच उतरवलं, याच वावरात. मंग धावत खाली आली. डोळे लाल. म्हणे, वाऱ्यानं झाले. मी म्हटलं, हो बाई, आज वाराच लई आहे. मंग माह्या बाजूले बाजेवर बसली, ठेवलेल्या जागेवर, अन् डोकं माह्या खांद्याले लावलं. लई वेळ बसली. दोऱ्या आवळलेल्या होत्या, बाज खाली गेली नाही.

पाखरू ती घेऊन गेली. जुना पंख माह्यापाशी ठेवला, वांग्याच्या खाली.

अन् एक सांगायचं राह्यलं, त्याच्याचसाठी हे पत्र. ते पाखरू माह्या डोक्यावरून गेलं ना, तवा लिंबावर सगळे राघू बसले होते, तेच धीट, तेच झोपाळ्यावाले. सावली लिंबावर गेली अन् सगळेच्या सगळे एकदम उठले. असे किंचाळले का मलेही ऐकू आलं. नाल्याच्या पलीकडे गेले, दिवस मावळला तरी आले नाही.

तवा मी तुमाले खोटं नाही लिहिलं, भाऊ. जरा लवकर लिहिलं.

इंदूबाई